सातेरीच्या पेटीचं दार: पाऊस सरल्यावर, थंडी पडण्याआधी

सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या आपल्या देशी मधमाशीचा, कसोटीचा काळ थंडीत येत नाही, तो त्याआधी येतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत. पावसाळ्यात उपासमार होऊन वसाहत खंगलेली असते, पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींवर माश्या विरळ असतात आणि नेमकी तेव्हाच गांधीलमाश्यांची घरटी भरात येतात. मुंग्या कोरडी जागा शोधत फिरतात, मेणपतंग फटी धुंडाळतो. इकडे सोनकी, कारळा फुलायला लागलेला असतो, म्हणजे माश्यांनी बाहेर पडून साठा करायचे हे दिवस. पण दारात राखणीलाच निम्म्या माश्या अडकल्या तर चाऱ्याला जाणार कोण?

मेलिफेरा या परदेशातून आणलेल्या मधमाशीची वसाहत अशा वेळी बराच काळ झुंजत राहते. सातेरीचा स्वभाव निराळा. दोन-चार दिवस सतत त्रास झाला की ती चंबूगबाळं आवरून निघून जाते. मागे उरतात रिकामी पोळी, आणि ती मेणकिड्याला, म्हणजे मेणपतंगाच्या अळीला, आयतीच मिळतात. म्हणून सातेरीच्या बाबतीत ‘कीड दिसली की बघू’ हे धोरण चालत नाही. पितृपक्षात पेटीची पाहणी आणि दसऱ्यापर्यंत दार बसवून तयार, असं वेळापत्रक ठेवा. कोकणात मुंग्यांचा बंदोबस्त याहूनही आधी, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा करावा लागतो.

सगळ्या कामामागचं सूत्र एकच: पेटीला दार एकच असावं, आणि तेही आतल्या माश्यांना राखता येईल एवढंच. दारावर महागडी जाळी बसवलेली आणि तळपाटाचा (पेटीच्या तळाच्या फळीचा) मागचा कोपरा कुजून बोट जाईल एवढं भोक, असं चित्र वारंवार दिसतं. म्हणून क्रम उलटा करू नका. आधी नको असलेली दारं बंद करायची, मग असलेलं दार लहान करायचं.

लागणारं साहित्य (एका पेटीसाठी)

दारासाठी १२ ते १५ मिमी जाडीची सुकलेल्या लाकडाची पट्टी, लांबी पेटीच्या दाराएवढी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा तेवढाच लांब तुकडा. दोन छोटे स्क्रू. कानस. साडेपाच आणि सहा मिमीचे ड्रिलचे बिट, भोक पाडण्यासाठी नव्हे तर माप घेण्यासाठी. चिकणमाती आणि ताजं शेण समप्रमाणात, किंवा जुन्या पोळ्यांचं वितळवलेलं मेण. घोडीच्या, म्हणजे पेटी ठेवायच्या स्टँडच्या, पायांखाली ठेवायला चार वाडगे, किमान १० सेंमी रुंद आणि ५ सेंमी खोल. एक जादा तळपाट असेल तर अर्धं काम हलकं होतं, कारण दुरुस्तीसाठी माश्यांना ताटकळत ठेवावं लागत नाही.

पहिली पायरी: तळपाट वाचा

ऊन पडलेलं असताना, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान पेटी उघडा. ढगाळ दिवशी किंवा वारा असताना नको. सातेरीला धूर बेताचाच द्या, फार धूर दिला की माश्या चौकटी सोडून कोपऱ्यात गोळा होतात आणि नीट मोजणी होत नाही.

आधी माश्यांनी पूर्ण झाकलेल्या चौकटी मोजा. हा आकडा पुढे दाराच्या रुंदीसाठी लागणार आहे. वर रिकामी मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) असेल तर काढून घ्या. ज्या पोळ्यांवर माश्या नाहीत ती पोळीही बाहेर काढा आणि उरलेल्या जागेत आडवी फळी लावून घर आकसून घ्या. राखण नसलेलं प्रत्येक पोळं म्हणजे मेणपतंगाला निमंत्रण.

मग तळपाट निरखून पाहा. दारातून काय आत येतंय ते इथे कळतं. तपकिरी, कोरडा भुसा साचलेला असेल तर घाबरू नका. सातेरी जुनं पोळं कुरतडून खाली टाकते, तो तिचा नेहमीचा उद्योग आहे. पण भुशात काळसर बारीक दाणे आणि कोळिष्टकासारखे धागे दिसले तर मेणकिडा शिरला आहे, चौकटीही एकेक करून तपासाव्या लागतील. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या, गवताच्या काड्या आणि पोळ्याचा खालचा भाग खाल्लेला दिसला तर उंदीर. माश्यांची सुटी डोकी, पंख, पोटाचे भाग पडलेले असतील, विशेषतः पेटीजवळच्या एखाद्या फांदीखाली, तर गांधीलमाशीचा राबता सुरू झालाय. ती माशीचा छातीचा मांसल भाग तेवढा पिल्लांसाठी नेते आणि बाकीचं तिथेच कापून टाकते.

तळपाट खरवडून स्वच्छ करा. निघालेला कचरा पेटीखाली झटकू नका, मुंग्यांना वाट दाखवल्यासारखं होतं. डब्यात भरून दूर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. पुढेही थंडी पडेपर्यंत आठवड्याला एकदा तळपाट साफ व्हायलाच हवा. मेणपतंगाची मादी याच भुशात आणि फटींत अंडी घालते.

दुसरी पायरी: फटी बुजवा

मेलिफेरा झाडांचा डिंक गोळा करून पेटीच्या फटी स्वतः लिंपून घेते. सातेरी ते काम जवळजवळ करतच नाही. तुमच्या सुताराने जी फट ठेवली ती वर्षानुवर्षं तशीच राहते. त्यामुळे लिंपण्याचं काम मधपाळाकडे येतं.

रिकामी पेटी तपासायची सोपी रीत: अंधारात आत टॉर्च पेटवून ठेवा, झाकण बंद करा, पेटीभोवती फिरा. जिथून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. भरलेल्या पेटीत हे जमत नाही, तिथे चौकटी एका बाजूला सरकवून कोपऱ्यांतून बाहेरचं ऊन आत येतंय का ते पाहायचं. तीन जागा हमखास सुटतात. तळपाट आणि शिशुकोठी (अंडी-पिल्लांचा खालचा कप्पा) यांच्यामधला सांधा, चौकटी टेकतात त्या खाचेचे कोपरे, आणि झाकणातली हवेची भोकं. या भोकांवरची जाळी गंजून फाटलेली असते आणि वरच्या अंगाला आहे म्हणून कुणी बघत नाही. मेणपतंग रात्री नेमका तिथून शिरतो.

एक मिमीपेक्षा मोठी प्रत्येक फट बुजवा. शेणमातीचा लेप फक्त बाहेरून द्यायचा. पहिला हात वाळला की तडे जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी पातळ कालवून दुसरा हात फिरवा. मेण वापरणार असाल तर ते थेट आचेवर नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, मेण चटकन पेट घेतं. सिमेंट, एम-सील, रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) हे भरलेल्या पेटीवर नको. वास जाईपर्यंत सातेरी थांबेलच असं नाही. कुजलेला कोपरा मात्र लेपाने भागत नाही, तो कापून तिथे पत्र्याचा तुकडा ठोका. उंदीर शेणमाती एका रात्रीत उकरतो.

झाकणाची हवेची भोकं बुजवू नका, नवीन बारीक जाळी लावा. पंखांनी वारा घालताना सातेरी दारात तोंड बाहेर करून उभी राहते आणि हवा आत ढकलते, मेलिफेराच्या नेमकं उलट. आत ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर दमट हवा कोंडते आणि पहाटे झाकणाच्या आतून पाणी ठिबकतं.

तिसरी पायरी: दाराची पट्टी

दाराचं माप दोन अंगांनी ठरतं, आणि दोन्ही अंगांचा हेतू वेगळा आहे. उंची ठरवते की आत कोण शिरू शकेल. रुंदी ठरवते की राखणीला किती माश्या लागतील.

उंची साडेपाच मिमी ठेवा. कामकरी माशी पायांवर परागाचे गोळे घेऊनही यातून आरामात जाते. गांधीलमाशीची छाती अडते. उंदीर, पाल, सरडा यांचा प्रश्नच मिटतो. सात-आठ मिमीची फट उंदराला पुरेशी रोखते, पण गांधीलमाशी अंग चोरून शिरू शकते, म्हणून एवढा काटेकोरपणा. तपासणी ड्रिलच्या बिटच्या गुळगुळीत दांड्याने करा: साडेपाचची दांडी आरपार गेली पाहिजे, सहाची कुठेही जाता कामा नये. फटीच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, असं तीन ठिकाणी बघा. करवतीने कापलेली फट बहुतेकदा मध्ये फुगलेली असते.

रुंदी झाकलेल्या चौकटींवर ठरवा. सात-आठ चौकटी भरलेल्या असतील तर सहा सेंमी. चार-पाच असतील तर तीन ते चार सेंमी. तीन किंवा त्याहून कमी असतील तर दीड-दोन सेंमीच, म्हणजे दोन-तीन माश्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की दार भरलं पाहिजे. पट्टीच्या एका कडेला रुंद आणि दुसऱ्या कडेला अरुंद खाच कापली तर तीच पट्टी उलटीसुलटी करून दोन्ही मापांना चालते. नवीन पट्टी करणाऱ्याने हे सुरुवातीलाच करून ठेवावं.

खाचेच्या वरच्या बाजूला जीआय पत्रा बसवा. नुसतं लाकूड दवाने फुगतं आणि साडेपाचची फट दोन आठवड्यांत पाचवर येते. शिवाय उंदीर लाकूड कुरतडून फट मोठी करतो, पत्र्यापुढे त्याचं काही चालत नाही. पत्र्याची कड कानशीने घासून बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करा. दिवसातून हजारो वेळा माश्यांचे पंख त्याला घासणार आहेत.

पट्टी खिळ्यांनी ठोकू नका, बाहेरून दोन स्क्रूंनी बसवा. भरल्या पेटीवर हातोडी चालवली की काय होतं ते सांगायला नको, आणि पट्टी आठवड्याला काढून तळपाट साफही करायचा आहे. बसवण्याची वेळ संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर. खाच जुन्या दाराच्या हद्दीतच ठेवा आणि माश्यांनी झाकलेल्या चौकटींच्या समोर येईल अशी ठेवा. रिकाम्या बाजूला खाच आली तर राखणदार माश्या दारापासून लांब पडतात.

दोन अपवाद. वसाहतीत नवी राणी मीलनाच्या उड्डाणाला जायची असेल तर अंडी दिसेपर्यंत पट्टी लावू नका. आणि पेटीत नर बरेच असतील तर दुपारी दारावर लक्ष ठेवा, अंगाने थोराड असल्याने ते फटीत अडकून वाट बंद करू शकतात.

चौथी पायरी: मुंग्या

मुंग्यांसाठी दाराची उंची निरर्थक आहे. त्यांना घोडीवरच अडवायचं. पेटी जमिनीपासून दीड फूट उंच घोडीवर हवी, म्हणजे भेकही दारापर्यंत पोचत नाहीत. घोडीचे पाय वाडग्यांत ठेवून पाणी भरा आणि त्यावर चमचाभर तेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही आणि डासांच्या अळ्याही होत नाहीत. तहानलेल्या माश्या त्यात पडू नयेत म्हणून पाण्याची दुसरी सोय पेटीजवळच करा: पसरट थाळीत खडे टाकून पाणी ठेवलं की त्या तिकडे जातात.

हा उपाय फसतो तो बहुधा चार कारणांनी. वाडग्यात पडलेलं पान पूल बनतं. गवताचं एखादं पातं वाढून पेटीला टेकतं. वरची फांदी झाकणाला लागते. आणि चौथं, जे कुणाच्या डोक्यात येत नाही: मुंग्या आधीच बाहेरच्या झाकणात घर करून बसलेल्या असतात. अशा वेळी वाडगे ठेवून तुम्ही त्यांना पेटीवरच कोंडता. म्हणून आधी झाकण उतरवून घरटं झटका, झाकण दिवसभर कडक उन्हात ठेवा, मगच वाडगे भरा. पेटीभोवती एक मीटर गवत छाटून ठेवा.

आंबा-काजूच्या बागांत पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची तऱ्हा आणखी अवघड. त्या एकमेकींना धरून साखळी करतात आणि अरुंद पाणी ओलांडून जातात. तिथे वाडगा रुंदच हवा आणि पाय मधोमध. ज्या झाडावर त्यांची घरटी आहेत त्याखाली पेटी ठेवूच नये.

राखेचं रिंगण कोरडं असेपर्यंत चालतं, एका दवात निकामी होतं. मुंग्यांचा खडू, फवारे, पावडरी पेटीच्या आसपास अजिबात नकोत. ते कीटकनाशकच आहे आणि माशी हाही कीटकच. साखरेचा पाक द्यायचा तर साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आत, सकाळपर्यंत संपेल एवढाच. बाहेर सांडलेला पाक पाण्याने धुऊन काढा, नाहीतर मुंग्यांच्या जोडीला शेजारच्या पेट्यांच्या माश्याही चोरीला येतात.

पाचवी पायरी: गांधीलमाशी

आपल्याकडे पेट्यांना त्रास देणाऱ्या दोन मुख्य. घाटात आणि कोकणात काळी, पोटाच्या वरच्या भागावर एक रुंद पिवळा पट्टा असलेली. तिचं घरटं बहुधा जमिनीतल्या बिळात, ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत. देशावर तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळे पट्टे असलेली, जी गुऱ्हाळाभोवती आणि मिठाईच्या दुकानांत घोंघावताना दिसते.

दाराची पट्टी तिला आत शिरू देत नाही, पण दारासमोरच्या फळीवर उतरलेल्या आणि बाहेरून येणाऱ्या माश्या ती टिपतच राहते. त्यासाठी दारासमोर ६ मिमी चौकोनाच्या वेल्डमेशचा पिंजरा बसवा: पंधरा सेंमी खोल, दारापेक्षा दोन्हीकडून पाच सेंमी रुंद, पेटीला घट्ट टेकलेला. माश्या जाळीतून चालत आत-बाहेर करतात, गांधीलमाशी पिंजऱ्याबाहेर राहते. पहिल्या दिवशी जाळीवर गोंधळ होतो, दुसऱ्या दिवसापासून सराव होतो. तिसऱ्या दिवशीही माश्या जाळीवरच घुटमळत असतील तर चौकोन लहान पडतोय. मेलेल्या माश्या पिंजऱ्यात साचतात, त्या दर दोन-तीन दिवसांनी काढाव्या लागतात, नाहीतर त्यांच्या वासाने मुंग्या येतात. पिंजरा जमत नसेल तर दारासमोर पानांसकट फांद्या तिरक्या रोवा. घिरट्या घालायला मोकळी जागा उरली नाही की तिची शिकार मंदावते.

सगळ्यात उपयोगी काम मात्र पहिल्या चार दिवसांत होतं. सुरुवातीला एखाद-दुसरी गांधीलमाशी येते, ती टेहळणीची. ती परतली तर मागोमाग आणखी येतात. सकाळी आणि दुपारी उशिरा पेट्यांपाशी थांबून तिला डास मारायच्या बॅटने पाडा. बॅट दारापासून हातभर लांब, बाजूने फिरवा, नाहीतर स्वतःच्याच माश्या भाजतील. दारात माश्यांचा लिंबाएवढा गोळा दिसला तर त्याला काडीने डिवचू नका. आत गांधीलमाशी कोंडलेली असते आणि माश्या अंग थरथरवून गोळ्यातली उष्णता सुमारे ४६ अंशांपर्यंत नेतात. ती मरते, सातेरी तगते. अर्ध्या तासाने गोळा आपोआप सुटतो.

घरटं सापडलं म्हणून एकट्याने जाळायला जाऊ नये. दंश झाल्यावर श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा.

वेडा राघू आणि कोतवाल यांच्यावर दारापाशी उपाय नाही. तारांच्या आणि निष्पर्ण फांद्यांच्या जवळ पेट्या नकोत, झाडीच्या कडेला हव्यात, इतकंच. पक्षी मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बाहेर काढलेली पोळी

पहिल्या पायरीत काढून घेतलेली पोळी तशीच कोपऱ्यात ठेवलीत तर महिन्याभरात त्यांची जाळी होतील, आणि तिथून उठलेले पतंग पुन्हा पेट्यांवर येतील. काळी पडलेली पोळी वितळवून मेण करा, सातेरीला जुनं पोळं आवडतही नाही. चांगली पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा, अंड्यांसकट सगळं मरतं. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पोळ्यांचा गारवा जाऊ द्या, म्हणजे पोळ्यांवर पाणी धरत नाही. बंद रिकाम्या पेट्यांच्या चळतीत गंधकाची धुरी देण्याची पद्धतही चालते, पण गंधकाने अंडी मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी दुसरी धुरी हवी. धुरी मोकळ्या जागेत आणि तोंड बांधून द्या. डांबराच्या गोळ्या कधीच नकोत, मेण त्यांचा अंश धरून ठेवतं आणि तो मधात उतरतो.

पट्टी लावल्यानंतर

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाच मिनिटं दारासमोर बसा. थोडी रांग असणं ठीक. पण फळीवर परागाचे गोळे सांडलेले दिसत असतील, माश्या एकमेकींच्या अंगावरून चढत असतील किंवा संध्याकाळी दाराबाहेर घोस लटकत असेल तर रुंदी एक सेंमीने वाढवा. उंचीला हात लावू नका. उलट दारात एकही राखणदार दिसत नसेल आणि परक्या माश्या बिनधास्त शिरत असतील तर रुंदी निम्मी करा आणि पेटी उघडून राणी आहे का, अंडी दिसतात का ते बघा. राणीविना वसाहत दार राखत नाही, तिथे पट्टीचा दोष नसतो.

पेटी पुढच्या बाजूला किंचित, पाच-सात मिमी उतरती ठेवा, म्हणजे दवाचं आणि अवकाळी सरीचं पाणी दारातून बाहेर वाहून जाईल. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत सकाळी माश्या उशिरा निघतात, तेव्हा मेलेल्या माश्यांनी अरुंद दार तुंबतं. वाकवलेल्या तारेने आठवड्यातून दोनदा ते मोकळं करा.

जानेवारीच्या अखेरीस परागाची आवक वाढली, चौकटी भरू लागल्या की आधी पट्टी उलटून रुंद खाच करा. जांभळाला मोहोर यायच्या बेताला, नर दिसू लागले की पट्टी पूर्ण काढा, खरवडून उन्हात वाळवा आणि पेटीचा नंबर टाकून ठेवा. प्रत्येक पेटीच्या दाराचं माप थोडंथोडं वेगळं असतं, पुढच्या भाद्रपदात शोधाशोध नको.